टीएसएच नॉर्मल आलाय, मग मी का नाही?

कवडसा | ९ जुलै, रात्री ११:४०

बरेच दिवस नुसती वाचक होते, आज लिहायचं धाडस करतेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वय ४६, नाशिक, ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. दुसऱ्या बाळंतपणानंतर, म्हणजे अकरा वर्षांपूर्वी, थायरॉइड कमी असल्याचं कळलं. तेव्हा टीएसएच (थायरॉइड मंदावला की रक्तात वाढतो तो आकडा) ३८ होता, अँटी-टीपीओ ही तपासणी पॉझिटिव्ह, म्हणजे शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर उलटण्याचा हाशिमोटोवाला प्रकार. गोळी सुरू झाली आणि दोन-तीन महिन्यांत मी माणसात आले. वाटलं, एक गोळी आयुष्यभर, एवढंच ना, घेऊ.

गेली दोन-अडीच वर्षं मात्र सकाळी उठते तीच दमलेली. मे महिन्यात घरात सगळे पंख्याखाली सरकत होते आणि मी पायात मोजे घालून झोपत होते. मोरीची जाळी रोज केसांनी तुंबते. पोटाची तक्रार आहेच. वजन नऊ किलो वाढलं. हे सगळं एक वेळ चालवून घेतलं असतं. पण गेल्या आठवड्यात बारावीला अलंकार शिकवताना 'उत्प्रेक्षा' हा शब्दच आठवेना. बावीस वर्षं शिकवतेय हो! फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, मुलांना वाटलं मी आता लिहिणार. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच सांगितला.

डॉक्टरांकडे गेले. टीएसएच ३.९. "रेंजमध्ये आहे. चाळिशीनंतर थकवा यायचाच, वजन कमी करा." ७५ मायक्रोग्रॅमचीच गोळी चालू. घरी येऊन सांगितलं तर नवऱ्याने मनापासून म्हटलं, "बरं झालं, रिपोर्ट तर चांगला आला." इथे बोलणंच संपतं. रिपोर्ट नॉर्मल आला की आजारी असण्याचा परवानाच रद्द होतो.

असं आणखी कोणाचं आहे का?

---

मोगरी | ९ जुलै, रात्री ११:५८

आहे. हात वर. मोज्यांसकट.

---

स्पष्टवक्ता | १० जुलै, सकाळी ७:१५

कोणाला राग आला तरी चालेल, पण हल्ली थायरॉइड ही फॅशन झाली आहे. आमच्या आजीने नऊ मुलं वाढवली, जात्यावर दळण दळलं, तिला कुठे होता थायरॉइड? पहाटे उठा, सूर्यनमस्कार घाला, मन गुंतवा. निम्मा आजार मनाचा असतो.

---

निवडुंग | १० जुलै, सकाळी ७:५०

@स्पष्टवक्ता, तुमच्या आजीला थायरॉइड नव्हता हे तुम्हाला कोणत्या लॅबने सांगितलं? माझ्या आजीला गाव 'सुस्तावलेली' म्हणायचा. तोंड सुजलेलं, आवाज घोगरा, भर उन्हाळ्यात अंगावर घोंगडी. साठीच्या आत गेली. तिलाही नव्हता थायरॉइड, कारण कोणी तपासलाच नाही.

---

सूक्ष्मदर्शी | १० जुलै, सकाळी १०:२०

कवडसाताई, मी लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. उपचाराचं तुमच्या डॉक्टरांशीच बोला. पण रोज अशा पंधरा-वीस जणी सुईसमोर बसतात, म्हणून आधी काही विचारतो.

गोळी नेमकी कधी घेता आणि तिच्यानंतर पहिला घास किंवा घोट किती वेळाने? कॅल्शियम, लोहाची गोळी, ॲसिडिटीची गोळी, यांतलं काही चालू आहे का? केसांसाठी बायोटिन घेता का? गोळ्यांची बाटली घरात कुठे असते? आणि रक्त दर वेळी एकाच लॅबमध्ये, साधारण एकाच वेळेला देता का? टीएसएच दिवसभर एकसारखा नसतो. रात्री आणि पहाटे वर असतो, दुपारी उतरतो. एकदा सकाळी सातला आणि एकदा दुपारी दोनला रक्त दिलं, तर त्या दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

---

कवडसा | १० जुलै, दुपारी ४:०५

बापरे, एवढं मला अकरा वर्षांत कोणी विचारलं नाही.

खरं सांगते. पहाटे साडेपाचला उठते, गोळी तोंडात टाकते, आणि पावणेसहाला सासूबाईंबरोबर चहा. दुधाचा, आल्याचा. या पंधरा मिनिटांवरून मला बोलू नका. सासरे गेल्यापासून आमच्या दोघींचा दिवसातला हा एकच निवांत वेळ आहे. नाश्त्याबरोबर कॅल्शियम, दोन वर्षांपासून, गुडघ्यांसाठी. बाटली गॅसच्या वरच्या फळीवर, म्हणजे विसरायला नको. बायोटिन मागच्या वर्षी चार महिने घेतलं, आता बंद.

---

सूक्ष्मदर्शी | १० जुलै, सायंकाळी ६:३०

"दोन वर्षांपासून कॅल्शियम" आणि "दोन-अडीच वर्षांपासून थकवा". ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा.

लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे तुमची थायरॉइडची गोळी, फार लाडावलेलं औषध आहे. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काहीही नको. चहा-कॉफीसुद्धा नको. कॅल्शियम आणि लोह त्या गोळीला आतड्यात धरून बसतात, म्हणून त्यांच्यात निदान चार तासांचं अंतर हवं. पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या रोज घेतल्या तरी ती कमी शोषली जाते. शिवाय तिला उष्णता, ओल आणि उजेड सोसत नाही. गॅसवरच्या फळीवर तिन्ही आहेत. तुम्ही ७५ गिळता, पण पोटात किती पोचते ते देव जाणे.

बायोटिनचं वेगळं. ते आजार वाढवत नाही, रिपोर्ट बिघडवतं. काही यंत्रांच्या पद्धतीत त्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि टी४ (थायरॉइडचं मुख्य संप्रेरक) खोटा जास्त दिसतो. आमच्याकडे एका बाईंचा असा रिपोर्ट आला, डोस जास्त होतोय असं समजून त्यांची गोळी कमी केली गेली, आणि त्या आणखी आजारी पडल्या. केसांच्या गोळीत दहा मिलिग्रॅम बायोटिन होतं. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवावं आणि लॅबला सांगावंही.

---

मोगरी | १० जुलै, सायंकाळी ७:१०

मी गेली सहा वर्षं कॅल्शियम आणि थायरॉइडची गोळी एका घोटात घेते. दोन्ही एकदमच लक्षात राहतात म्हणून. कपाळावर हात मारून घेतला आहे.

---

अबोली | १० जुलै, रात्री ९:००

चहाच्या अर्ध्या तासावरून आमच्याकडे महाभारत झालं आहे. मला उठल्याउठल्या चहा लागतो, नाहीतर मी माणूस नसते. एंडोक्रायनॉलॉजिस्ट (संप्रेरकांच्या डॉक्टर) बाईंनी रात्री झोपताना गोळी घ्यायला सांगितली, जेवणानंतर तीन तासांनी. दोन वर्षं छान चाललंय. कवडसाताई, सासूबाईंचा चहा वाचतो यात.

बाकी पोटुशी असाल किंवा विचार असेल, तर थांबू नका. दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना फोन करायचा, डोस वाढवावा लागतो. माझा पहिल्याच भेटीत वाढवला होता.

---

पिंपळपान | ११ जुलै, सकाळी ८:४५

पुरुषांनाही होतो हो हा आजार, धागा बायकांचाच झालाय म्हणून आठवण करून देतो.

मी पुण्यात बँकेत आहे, वय ५१. टीएसएच २ च्या आसपास, गोळीचे सगळे नियम पाळणारा. तरी दुपारी तीनला काउंटरवर डुलकी. थायरॉइडला दोन वर्षं शिव्या घातल्या. शेवटी बायको म्हणाली, "तुम्ही घोरताना मधेच श्वास थांबवता, मी मोजत बसते." झोपेची तपासणी केली, झोपेत श्वास अडकण्याचा आजार निघाला. आता रात्री मास्क लावून झोपतो, नात हत्ती म्हणते. पण दुपारी जागा असतो.

सांगायचं एवढंच की थायरॉइड एकदा नावावर चढला की पुढची प्रत्येक तक्रार त्याच्याच खात्यात जमा होते. दुसरं खातं उघडूनच बघत नाही कोणी, ना आपण ना डॉक्टर.

---

गोदाकाठ | ११ जुलै, दुपारी १:३०

मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस. पिंपळपान यांनी लाखाचं बोललंत. ऑनलाइन उपचार सांगणार नाही, पण कवडसा, तुमच्या डॉक्टरांना जाऊन काय विचारायचं ते सांगतो.

३.९ हा आकडा रेंजच्या आत आहे, पण वरच्या काठावर. गोळी नीट शोषली गेली तर तो खाली येईल. डोस आणि सवय बदलली की सहा ते आठ आठवड्यांनीच पुन्हा तपासायचं. हे औषध शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो, त्यामुळे आठ दिवसांत पुन्हा रक्त देणं म्हणजे पैसे पाण्यात.

आकडा खाली येऊनही बरं वाटलं नाही, तर पुढचं शोधा. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कारण हिमोग्लोबिन बरं दिसूनही साठा रिकामा असू शकतो. बी१२, खास करून शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने आपल्याकडच्या बी१२ च्या कमतरतेवर वर्षानुवर्षं काम केलं आहे, आपल्या वरणभात-पोळीभाजीत हे जीवनसत्त्व फारसं नसतंच. ड जीवनसत्त्व, साखर. पाळीचं काय चाललंय, तेही. आणि मन:स्थिती. स्पष्टवक्ता म्हणतात तसं 'मनाचे खेळ' म्हणून नाही. नैराश्य हाही आजार आहे, त्यालाही औषध आहे.

हाशिमोटो हा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने केलेला हल्ला. अशा माणसाला त्याच कुळातले दुसरे आजार जडू शकतात, उदाहरणार्थ गव्हाचं न सोसणारा सीलिॲक, किंवा पोटात बी१२ शोषलंच न जाणारा ॲनिमिया. क्वचित मूत्रपिंडावरची ॲड्रिनल ग्रंथीही बिघडते. थकव्याबरोबर वजन उतरत असेल, उभं राहिलं की चक्कर येत असेल, कातडी काळवंडत असेल, तर थायरॉइडचा डोस स्वतःहून वाढवणं धोक्याचं आहे. लगेच दाखवा.

---

स्पष्टवक्ता | ११ जुलै, दुपारी २:०५

मी फॅशन म्हणालो ते मागे घेतो. सूर्यनमस्कार मात्र मागे घेत नाही.

---

निवडुंग | ११ जुलै, दुपारी २:०९

ते असू द्या. :)

---

झुळूक | ११ जुलै, सायंकाळी ५:२०

माझ्या जावेने समुद्री शेवाळाच्या आयोडीनच्या कॅप्सूल घेतल्या, तिला म्हणे फरक पडला. थायरॉइडला आयोडीनच लागतं ना? आणि कोबी-फ्लॉवर बंद केलाय मी.

---

गोदाकाठ | ११ जुलै, रात्री ८:१५

आयोडीन कमी पडून गलगंड होण्याचा काळ आपल्याकडे होता, म्हणून तर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे घराघरात आयोडीनचं मीठ आलं. पण हाशिमोटोत अडचण आयोडीनच्या तुटवड्याची नसते. जादा आयोडीन घातलं तर आधीच चिडलेली ग्रंथी आणखी बिघडू शकते. शेवाळाच्या कॅप्सूल नकोत. कोबी शिजवून खुशाल खा.

---

टाईनकाठी | १२ जुलै, पहाटे ३:४०

मी इंग्लंडात न्यूकॅसलला राहते. याच गावात १८९१ मध्ये जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका बाईला टोचला. ती तोवर पार सुजून, मंदावून गेली होती. त्यानंतर ती अठ्ठावीस वर्षं जगली, १९१९ मध्ये चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेली. बस त्या भागातून जाते तेव्हा मी मनातल्या मनात त्या मेंढ्यांना नमस्कार करते.

कवडसा, तुमच्यासारखी मी पाच वर्षं काढली. टीएसएच १.५, फेरिटिन, बी१२, झोप, सगळं तपासून झालं होतं. गोळी नीट घेऊन, आकडा नीट येऊनही दहांत एखाद्याला बरं वाटत नाही, हे इथले डॉक्टरही मान्य करतात. का, याचं एकमुखी उत्तर नाही. एक विचार असा की ग्रंथी स्वतः टी४ बरोबर थोडं टी३ हे जास्त प्रभावी संप्रेरकही देते. गोळीत फक्त टी४ असतं आणि त्याचं टी३ शरीराला करून घ्यावं लागतं. ते काहींना पुरेसं जमत नसावं. १९९९ मध्ये लिथुआनियातल्या तेहतीस रुग्णांवर दोन्ही एकत्र देऊन पाहिलं, त्यांना बरं वाटलं, आणि जगभरच्या थायरॉइडवाल्यांच्या आशा पल्लवित झाल्या. पण नंतरच्या मोठ्या चाचण्यांत सरसकट फायदा दिसला नाही. काही रुग्णांना मात्र दोन्ही असलेलंच औषध आवडलं. गाडी तिथेच अडकली आहे.

इथे टी३ मिळवणं हाही एक छळ. एका पाकिटाची किंमत २००९ मध्ये २० पौंड होती, ती २०१७ पर्यंत २४८ पौंड झाली, आणि सरकारी सेवेतले डॉक्टर लिहून द्यायलाच बिचकू लागले. २०२१ मध्ये स्पर्धा नियामकाने कंपन्यांना दहा कोटी पौंडांहून जास्त दंड केला.

मला तज्ज्ञांनी सहा महिने दिलं. पहिले पंधरा दिवस मी हवेत होते, कपाटं आवरली, सायकल काढली. मग हळूहळू होते तिथेच आले, वर छातीत धडधड. टी३ शरीरात एकदम चढतं आणि लवकर उतरतं. बंद केलं. माझ्या ओळखीतल्या एकीला मात्र त्याने खरोखर उभं केलं, म्हणून 'काही उपयोग नाही' असं म्हणवत नाही. स्वतःहून मागवून घेऊ नका एवढं नक्की. हृदयाचा त्रास असेल किंवा दिवस असतील तर विचारही नको.

आता मी थकव्यासकट दिवस आखते. जड काम सकाळी अकराच्या आत. दुपारी वीस मिनिटं पाठ टेकते आणि कोणाला कारण सांगत नाही. हे शेवटचं शिकायला सर्वांत जास्त वेळ लागला.

---

कवडसा | १२ जुलै, रात्री १०:३०

वाचून रडू आलं, चांगल्या अर्थाने. बाटली बेडरूमच्या कपाटात गेली. डॉक्टरांना फोन करून रात्रीच्या गोळीचं विचारलं, चालेल म्हणाले. अडचण एकच, आमचं जेवण साडेनऊला होतं. म्हणजे गोळी साडेबाराला! सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आठला जेवू की. मला तरी कुठे झोप येते भरल्या पोटी, तुम्हीच सगळे उशिरा येता." बावीस वर्षं आम्ही त्यांच्यासाठी उशिरा जेवतोय असं समजत होतो.

---

कवडसा | २१ सप्टेंबर, सायंकाळी ६:५०

धागा वर काढतेय. दहा आठवडे झाले. गोळी तीच, ७५. तीच लॅब, सकाळी साडेसात. टीएसएच १.८.

म्हणजे सूक्ष्मदर्शी, तुम्ही बरोबर होतात, इतके दिवस मी ती गोळी चहात बुडवत होते. पोट सुधारलं. मोजे सुटले. पण थकवा तसाच आहे. आकडा सुधारला, मी नाही. खरं सांगायचं तर रिपोर्ट बघून आनंद नाही झाला, भीतीच वाटली. आता कशाला दोष द्यायचा?

---

पिंपळपान | २१ सप्टेंबर, रात्री ८:१०

आता दुसरं खातं उघडा.

---

कवडसा | ४ ऑक्टोबर, रात्री ९:२०

उघडलं. गोदाकाठ यांची यादी कागदावर लिहून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी न रागावता वाचली. हिमोग्लोबिन ११.२. फेरिटिन ८. बी१२ १६२. तिन्ही कमीच. पाळी दोन वर्षांपासून जास्त जातेय हे मी कोणाला सांगितलंच नव्हतं, कारण ते 'वयाचं' म्हणून मीच निकालात काढलं होतं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पुढच्या आठवड्यात.

बी१२ ची इंजेक्शनं आणि लोह सुरू. लोह सकाळी अकराला, कॉलेजात, लिंबूसरबताबरोबर, आणि पुढचा तासभर चहा नाही, कारण चहा लोहालाही आडवा येतो. कॅल्शियम दुपारच्या डब्यानंतर. थायरॉइडची अकराला रात्री. कॉलेजचं टाइमटेबल मीच लावते, पण एवढं किचकट तेही नसतं. स्टाफरूममध्ये अकराच्या सरबताला आता चार गिऱ्हाइकं आहेत.

---

झुळूक | ५ ऑक्टोबर, सकाळी ९:००

शेवाळाच्या कॅप्सूल जावेनेही बंद केल्या. तिचा टीएसएच ११ आला होता.

---

टाईनकाठी | १८ डिसेंबर, पहाटे २:१५

कवडसा, कशी आहेस? थंडीत आठवण झाली.

---

कवडसा | १८ डिसेंबर, रात्री १०:४५

अगं, किती छान वाटलं. नाशकात पारा उतरलाय, पण मोजे फक्त पहाटे.

फेरिटिन ३१ वर आलं. जिन्यावर धाप लागत नाही. केस गळायचे थांबले नाहीत, कमी झाले. वजन एक किलो उतरलं, तेवढंच. दहापैकी सहा-सात दिवस बरे जातात, बाकीचे दिवस तसेच, का ते कळत नाही. त्या दिवशी दुपारी स्टाफरूममध्ये खुर्चीत डोळे मिटून बसते. तुझं ऐकून कारण सांगत नाही. शब्द अजूनही अधूनमधून हरवतात. आता मुलांनाच विचारते, "सांगा बरं, काय म्हणतात याला?" त्यांना वाटतं मी परीक्षा घेतेय.

---

पाऊलवाट | १९ डिसेंबर, सकाळी ६:३०

नवीन सभासद. पूर्ण धागा रात्रभर वाचला. मलाही ७५ चालू आहे, तीन वर्षं. एक शंका: आमचं किराणा दुकान आहे, रात्री दहाशिवाय जेवण होत नाही, आणि सकाळी सहाला दुधाच्या गाडीबरोबर चहा. मी काय करू?

---

कवडसा | १९ डिसेंबर, सकाळी ७:०५

रात्री मधे कधी उठता का? माझी एक मैत्रीण पहाटे साडेचारला बाथरूमला उठते तेव्हा घेते, गोळी आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवून. डॉक्टरांना विचारून बघा चालेल का. आणि बाटली दुकानात गल्ल्याशेजारी असेल तर आधी ती आत न्या.

---

पाऊलवाट | १९ डिसेंबर, सकाळी ७:१२

गल्ल्याशेजारीच आहे. तुम्हाला कसं कळलं?